बाबांच्या पलंगाची फळी

ता. ११ जून

चि. सौ. टिटवीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहून पत्र सुरू करायची आपली सवय. आज ती बाजूला ठेवतो.

परवा सकाळी मी बाबांना पलंगावर उठवून बसवत होतो. रोज करतो तसंच. माझ्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात, म्हणून त्यावर भार द्यायचा नसतो. उजवा हात त्यांच्या पाठीखाली घालायचा, छाती लावायची आणि उचलायचं. तोंडाने प्रार्थना चालू. अर्ध्यावर आलो आणि माझ्या बरगडीतून कट्कन आवाज आला. काटकी मोडावी तसा. श्वास तिथेच थांबला, प्रार्थनाही थांबली. बाबांचे डोळे गेले, पण कान काय आहेत ते तुला माहीत आहे. त्यांनी लगेच विचारलं, काय मोडलं. मी म्हणालो, पलंगाची फळी.

ज्या सुताराने तो पलंग स्वतःच्या हाताने केला, त्यालाच मी हे सांगितलं. संध्याकाळी मी परतलो तेव्हा त्या जुन्या लाकूडवाल्याच्या नावाने शिव्या चालू होत्या, की मेल्याने ओलं लाकूड दिलं होतं.

एक्स-रेत बरगडीला तडा दिसला. किडनीचे डॉक्टर म्हणाले की बाबांचं वजन निमित्त झालं, हाड आतून आधीच पोकळ झालं आहे. मग त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून मला समजावलं. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्यांनी हाक द्यायची, एवढंच त्यांचं काम. किडन्या बंद पडल्या की फॉस्फरस अंगात साठतो, ड जीवनसत्त्व कामाचं राहत नाही आणि कॅल्शियम खाली येतं. मग या चौघी हाका मारत सुटतात. पण कॅल्शियम आणायचं कुठून? साठा फक्त हाडांत. रोज थोडं थोडं तिथूनच काढलं जातं. माझ्या गुडघ्यांतली कळ, अंगाची खाज, जिना चढताना मांड्या गळून जाणं, सगळं एकाच घरचं निघालं.

हे फोनवर सांगता येत नाही, कारण खोली एक आणि बाबांचे कान दोन. म्हणून डायलिसिसच्या खुर्चीत बसून मोकळ्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस. उत्तर घरी न पाठवता मी लिफ्ट चालवतो त्या इमारतीच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र बाबा मोठ्याने वाचून घेतात.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

ता. १९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वयाने मोठा आहेस म्हणून नमस्कार घातला. अकलेने आहेस का, याची पत्र वाचल्यापासून शंका आहे. सुताराला त्याच्याच पलंगाची फळी मोडल्याचं सांगतोस! उद्या मला सांगशील की मी शिवलेला गणवेश धुतल्यावर वितळला.

पत्र वाचून आधी रडले, मग दोन शर्टांना उलट्या बाह्या लावल्या, मग त्या उसवत बसले. दाजींनी विचारलं तर सांगितलं की दादाला हाडं राहिली नाहीत. ते म्हणाले, जिभेला तर तुम्हा दोघांच्याही हाड कधीच नव्हतं. त्यांच्या मेल्या विनोदावर हसायला आलं आणि बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. मी औषधाच्या दुकानात जाऊन तुला किडनीच्या डॉक्टरांनी दिलेल्या त्या पांढऱ्या मोठ्या गोळ्यांबद्दल विचारलं. दुकानदार म्हणाला की त्या गोळ्या जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. पण घासाबरोबर चावल्या तरच. आधी नाही, नंतर नाही. दादा, तू त्या कधी घेतोस? आपल्या घरात ताटाजवळ औषध आणायची बंदी. मी तापात असताना एकदा ताटाच्या कडेला गोळी ठेवली होती, तर बाबांनी ताटच उचलून नेलं होतं. अन्नाच्या पंगतीला औषध बसवायचं नाही, जेवा, हात धुवा, मग काय ते गिळा, असं म्हणाले होते. खरं सांग, तू अजून तसंच करतोस ना?

लगेच लिही. बरगडीला जप, आणि बाबांना एकट्याने उचलू नकोस.

रागावले तरी तुझीच,
टिटवी

ता. २ जुलै

चि. सौ. टिटवीस आशीर्वाद.

बरोबर पकडलंस. कितीतरी वर्षं मी त्या गोळ्या हात धुतल्यावर, बाबांचं सगळं आवरून झाल्यावर घेत आलो. कागदावर जेवणाबरोबर असं लिहिलेलं होतं. पण आपल्या घरात जेवणाबरोबर म्हणजे जेवण झाल्यावर, आणि मला दुसरा अर्थ कधी सुचलाच नाही. डॉक्टर दर वेळी विचारायचे, गोळ्या घेता ना? मी खरं तेच सांगायचो, की एकही चुकवत नाही. परवा मी सगळा प्रकार सांगितला. ते आधी हसले, मग चष्मा सावरून माझे जुने रिपोर्ट पुन्हा चाळायला लागले. त्यांचं ते चाळणं मला आवडलं नाही.

आता घासाबरोबर चावतो. खडूसारखी चव आहे. शाळेत मी खडू खाऊन पाहिला होता, म्हणून सांगतो. पण नवीनच अडचण उभी राहिली. पहिल्याच दिवशी बाबांनी गोळी चावल्याची करकर ऐकली आणि विचारलं, घासात खडे आहेत का. मी हो म्हणालो. धान्य निवडायची अक्कल नाही म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खडे. किती दिवस खडे खाणार? म्हणून आता त्यांना भरवून झालं की मी आत ओट्यापाशी उभा राहून जेवतो. एवढ्या वर्षांत बाबा माझ्याशिवाय कधी जेवले नव्हते. काल त्यांनी हळूच विचारलं की मी त्यांच्यावर रागावलो आहे का.

गोळ्या ताटात घेतो म्हणून मोकळं सांगावं, असं तू म्हणशील. पण मग कशाच्या, कशासाठी, किती दिवस, सगळंच आलं. त्यांना एवढंच माहीत आहे की मी आठवड्यातून तीनदा उशिरा येतो, कारण लिफ्टला जादा पाळी असते.

मी विचार करतो टिटवे. सकाळी या खोलीतून निघतो आणि लिफ्टच्या खोलीत शिरतो. ती याहूनही लहान. तिथून डायलिसिसच्या खुर्चीत, मग परत इथे. दिवसभर माणसांना वर नेतो, खाली आणतो, मी मात्र कुठेच पोचत नाही. आणि ज्या इमारतीत राहतो तिला लिफ्ट नाही. तीन जिने. बाबा गेल्या कित्येक पावसाळ्यांत खाली उतरलेले नाहीत. देवावर माझा राग नाही. एवढंच वाटतं, की त्याने एखादं दार तरी नुसतं लोटून ठेवायला हवं होतं.

तुझ्या मायेची ऊब इथवर पोचते, ती पोचत राहो.

दादा

ता. २० जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मशीनवर कामाचा ढीग आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी किडनी देण्यासाठी तपासून आले. तुला सांगितलं असतं तर अडवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही आहेत त्या दोन्ही सांभाळा, त्यातच भावाचं भलं आहे. घरी येऊन खूप चिडचिड केली. दाजी दिवसभर दुकानातून परतलेच नाहीत, एवढे शहाणे आहेत. तेव्हा तुझं नाव किडनी मिळण्याच्या मोठ्या यादीत आहे तिथेच राहू दे, आणि तोवर हाडं शाबूत ठेव.

दुसरं. आमचं घर तळमजल्यावर आहे, पुढे ओसरी आहे, दाजींचं सायकलचं दुकान शेजारी. बाबांना इथे दिवसभर हातोडी-पान्ह्यांचे आवाज ऐकू येतील. त्यांना इकडे राहायला पाठव, असं मी पुन्हा पुन्हा सांगते आणि तू पुन्हा पुन्हा म्हणतोस की ते तुझ्याशिवाय राहणार नाहीत. त्यांना विचारलंस का कधी? की हेही त्या ‘जेवणाबरोबर’सारखंच, आपल्या मनानेच अर्थ लावून टाकलास?

चीज, थंड पेयं, पाकिटातलं खाणं बंद, त्यांत फॉस्फरस फार असतो. मी तिथे नाही म्हणून लिफ्टमधल्या साहेबलोकांनी दिलेलं काहीबाही खाऊ नकोस.

लोभ आहेच. तो असाच असावा असं म्हणायचीही मला गरज वाटत नाही.

टिटवी

ता. ६ ऑक्टोबर

चि. सौ. टिटवीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. सांगण्यासारखं चांगलं काही हाती येईल म्हणून थांबलो होतो.

गोळ्या बरोबर घेतल्या. फॉस्फरस खाली आला. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि दुसऱ्याच वाक्यात सांगितलं, की त्या ग्रंथींचं हार्मोन मात्र उतरायला तयार नाही, चढतच आहे. ड जीवनसत्त्वाचं औषध वाढवावं तर रक्तातलं कॅल्शियम वर उडतं. मग ग्रंथींना गप्प करणारी एक महागडी गोळी दिली. ती पोटात टिकेना. एकदा पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये मला लिफ्ट थांबवून कोपऱ्यातल्या बादलीत ओकावं लागलं. आत टायपिस्ट बाई होत्या. बिचाऱ्यांनी नाकाला पदर लावला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लाजेने मेल्यासारखं झालं.

गळ्याची सोनोग्राफी झाली. तांदळाचे दाणे राहिले नाहीत. एक ग्रंथी बोराएवढी, बाकीच्या तिच्या मागोमाग. आमच्या लिफ्टमध्ये कधीकधी वरच्या मजल्याचं बटण आत अडकून बसतं. लाल दिवा लागलेलाच राहतो. मी वर जातो, तर कुणीच उभं नसतं. खाली येतो, तरी दिवा लागलेलाच. माझ्या ग्रंथींचं तेच झालं आहे. इतकी वर्षं हाका मारल्या, की आता गरज आहे की नाही हे न बघताच हाका मारतात. ते बटण खोलूनच काढावं लागतं.

म्हणजे ऑपरेशन. सर्जन बाईंनी शांतपणे सांगितलं, की चारांपैकी साडेतीन काढायच्या आणि अर्धी ठेवायची. नाही काढल्या तर आज बरगडी, उद्या कमरेचं हाड, आणि हाडांतून निघालेलं कॅल्शियम हृदयाच्या नळ्यांत जाऊन बसेल. दवाखान्यात पुष्कळ दिवस राहावं लागेल, कारण उपाशी हाडं एकदम कॅल्शियम ओढून घेतात आणि सलाइनमधून ते पुरवत बसावं लागतं. हे सगळं मी मान्य केलं असतं. पण मग त्या म्हणाल्या की आवाजाची नस त्या ग्रंथींना खेटून जाते. जपतातच, पण काहींचा आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो. एखाद्याचा येत नाही.

टिटवे, बाबांकडे माझं दुसरं काय आहे? चेहरा त्यांना दिसत नाही. संध्याकाळी ते गोंधळतात, हे कुठलं घर, असं विचारतात. मध्यंतरी आंघोळ घालायला एक माणूस ठेवला होता, त्याला त्यांनी तांब्या फेकून मारला, कारण त्याचा आवाज परका होता. मी प्रार्थना म्हणायला लागलो की भिंत चाचपणारा त्यांचा हात खाली येतो आणि ते शांत होतात. माझा आवाज ही त्यांची भिंत आहे. ती पाडून मी माझी हाडं वाचवू का?

मी बाईंना नाही सांगून आलो. त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाल्या की मन बदललं तर या.

गेल्या आठवड्यापासून बाबांना उचलताना मला भीती वाटते. त्यांची नाही, माझ्याच हाडांची. उचललं तर मी मोडणार, नाही उचललं तर ते पडून राहणार. यातून वाट कुठली, मला दिसत नाही. प्रार्थनेतही तेच मागतो आणि मागताना शब्द अडतात.

रागावू नकोस. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

दादा

ता. १४ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणतोस, मग रागावण्यासारखं लिहितोस कशाला? मी रागावले आहे. एवढी, की आज मशीनची सुई मोडली.

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. बाबा विचारतीलच कुणाचं आलं. मोठ्याने वाच. सगळं वाच. शपथ घालत नाही, तुला शपथांची भीती वाटते म्हणून. नुसतं सांगते.

बाबा, तुमच्या मुलाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. जादा पाळी वगैरे काही नसते, तो मशीनवर रक्त धुऊन घ्यायला जातो. त्याची हाडं ठिसूळ झाली आहेत आणि त्यावर गळ्याचं ऑपरेशन हा एकच उपाय उरला आहे. तो ते करत नाही, कारण आवाज गेला तर तुम्ही त्याला ओळखणार नाही असं त्याला वाटतं. तुम्ही त्याला ओळखता की नाही, हे तुम्हीच त्याला सांगा.

आणि दादा, तू वाचताना इथे थांबला असशील, हे मला इथून दिसतंय. पुढे वाच. तुझं काही झालं तर बाबांना आवाजही राहणार नाही आणि उचलणारा हातही. तू त्यांची भिंत आहेस म्हणतोस. पोकळ भिंतीखाली मी माझ्या म्हाताऱ्या बापाला बसू देणार नाही.

दाजी आणि मी महिनाअखेरीस येतो आहोत. दाजींनी खुर्चीला दांडे बांधून बाबांना जिना उतरवून इकडे आणायची तयारी केली आहे. येऊ नका असं कळवलंस तरी येणार.

तुमच्या दोघांची,
टिटवी

ता. २५ नोव्हेंबर

चि. सौ. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही आलात तेव्हा गडबडीत धड बोलणं झालं नाही, आणि आता बोलायला आवाज नाही. म्हणून सगळं लिहूनच सांगतो.

तुझं ते पत्र मी बाबांसमोर फोडलं. तू लिहिलं होतंस तसाच मध्ये थांबलो. बाबा म्हणाले की पुढे वाच. मी म्हणालो, संपलं. त्यांनी हात पुढे करून पत्र चाचपलं आणि म्हणाले की कागद दोन आहेत, वाचलास एकच. इतके दिवस तेच करतोस, असंही म्हणाले. मग मी सगळं वाचलं. दुसऱ्या कागदापर्यंत माझा आवाज तसाही गेलाच होता.

ते बराच वेळ पलंगाच्या कडेवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले की त्या दिवशी मी कामावर गेल्यावर त्यांनी पलंगाची प्रत्येक फळी हाताने ठोकून पाहिली होती. सगळ्या शाबूत. जन्मभर लाकूड मोडताना ऐकलं आहे, म्हणाले, लाकूड तसं मोडत नाही. मी विचारलं की मग लाकूडवाल्याला शिव्या कशाला दिल्या. तर म्हणाले, तुला दिल्या असत्या तर तू खरं सांगितलं असतंस, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

एवढे महिने आम्ही दोघे एकाच खोलीत, एकमेकांना जपत, एकमेकांना कोंडून बसलो होतो.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला आत जेवू दिलं नाही. समोर बसायला लावलं. ती खडूची गोळी मागून घेतली, बोटांनी माझ्या ताटाची कड शोधली आणि गोळी ताटात ठेवली. म्हणाले, घे, बसव तिला पंगतीला. मी चावली. ते कान देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, आवाज घाणेरडा आहे, पण खड्यांपेक्षा बरा.

मग मी सर्जन बाईंकडे गेलो आणि सांगितलं की मन बदललं. तुम्ही बाबांना खुर्चीत बसवून उतरवलंत तेव्हा मी वरच्या कठड्याशी उभा होतो. ते प्रत्येक वळणावर दाजींना सांगत होते की दांड्याची गाठ चुकीची बांधली आहे. किती वर्षांनी त्यांच्या अंगावर ऊन पडलं! मी परत खोलीत आलो नाही. तसाच दवाखान्यात गेलो. आलो असतो तर पलंगावर बसलो असतो, आणि बसलो असतो तर उठलो नसतो.

ऑपरेशनच्या टेबलावर मी प्रार्थना सुरू केली. कुठवर आलो ते आठवत नाही.

जाग आल्यावर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या. हाडं कॅल्शियम ओढून घेत होती, म्हणून सलाइन लावलं होतं. नर्स म्हणाली की खूप दिवसांच्या उपाशी माणसाला पान वाढल्यावर असंच होतं. अजूनही मूठभर गोळ्या खाव्या लागतात. पण अंगाची खाज गेली. गुडघ्यातली कळ एवढी कमी झाली की मी सवयीने तिला शोधतो. हाडं भरायला पुष्कळ काळ लागेल, आणि डायलिसिस चालूच राहणार. त्यातून सुटका नाही, हे मला माहीत आहे.

आवाज बसला. बाईंनी तपासून सांगितलं की नस शाबूत आहे, सुजली आहे, काही आठवड्यांत येईल बहुतेक. बहुतेक हा शब्द त्यांनी हळू उच्चारला.

काल सकाळी तू फोन बाबांच्या कानाला लावलास. घशातून घोगरी हवा निघते आहे, ती त्यांना ऐकवायचा धीर होत नव्हता. तू पलीकडून खेकसलीस म्हणून प्रार्थना सुरू केली. कुठलंसं जुनं दार करकरावं, तसा आवाज. मला वाटलं, आता विचारणार की हा कोण परका माणूस आणलात. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर मी अडखळलो. लहानपणापासून मी तिथेच अडखळतो, श्वास पुरत नाही. आणि बाबा ओरडले, की अरे गाढवा, पन्नाशीला आलास, अजून तिथेच? श्वास आधी घे! मग तुला म्हणाले ते मला इथे स्वच्छ ऐकू आलं. आवाज कुणाचा का असेना, गाढव आमचंच आहे.

हसलो तर गळ्याची जखम ओढली गेली. नर्सला वाटलं रडतोय, तिने पाणी दिलं. तिचंही काही फार चुकलं नव्हतं.

तुझ्या गावच्या डायलिसिसच्या खुर्चीसाठी माझं नाव घातलं आहे. लिफ्टची चावी काल दवाखान्यात भेटायला आलेल्या इमारतीच्या शिपायाकडे दिली. खोलीची त्याच्याच हाती घरमालकाला पाठवली. पलंग मात्र दिला नाही. दाजींना सांग, फळ्या शिपायाकडून मोकळ्या करवून टेम्पोने पाठवल्या आहेत, बाबांच्या हाताखाली जोडून घ्या.

सोमवारी निघतो. आवाज यायचा तेव्हा येईल.

तुम्हा सगळ्यांच्या लोभात जागा करून ठेवा.

तुझा,
दादा